मोती गेला, लेकरांना काय सांगू?

प्रश्न: आम्ही मूळचे उदगीरचे, बरीच वर्षं मेलबर्नला आहोत. गेल्या आठवड्यात आमचा कुत्रा मोती गेला. किडन्या निकामी झाल्या होत्या, शेवटी डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. मुलगी ११ वर्षांची आहे, मुलगा ६ वर्षांचा. मुलाला आम्ही 'मोतीला झोपवलं' असं सांगितलं आणि तेव्हापासून तो रात्री झोपायलाच तयार नाही. सासूबाई फोनवर म्हणतात, कुत्र्यापायी लेकरांना एवढं रडू देऊ नका. हे म्हणतात, नवं पिल्लू आणू. काय करावं?

उत्तर: ताई, आधी मुलाचं बघा. आजच त्याला मांडीवर घेऊन सरळ सांगा: मोती मेला. त्याचं शरीर बंद पडलं, आता त्याला दुखत नाही आणि तो परत येणार नाही. आपण रात्री झोपतो आणि सकाळी उठतो, ते वेगळं. या वयाच्या मुलांना मेलेलं माणूस किंवा जनावर परत येईल असं वाटत राहतं. तो तेच तेच विचारेल, तुम्हीही दर वेळी तेच उत्तर द्या. आणखी एक गोष्ट त्याच्या मनात असू शकते: 'मी त्याची शेपटी ओढली म्हणून तो गेला का?' त्यानं विचारलं नाही तरी 'तुझ्यामुळे काहीही झालेलं नाही' हे स्वतःहून सांगा.

मुलीला सगळं कळतं. कदाचित इंजेक्शनला हो म्हटल्याचा रागही तिच्या मनात असेल. तो निर्णय कुणी घेतला, डॉक्टर काय म्हणाले, मोतीला किती त्रास होत होता, हे मोठ्या माणसाला सांगावं तसं तिला सांगा. ती गप्प बसली तर बसू द्या.

सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांना काम द्या. व्हिडिओ कॉलवर लेकरांना गोष्टी सांगायला लावा. नामदेवांची कोरडी भाकरी कुत्र्यानं पळवली, तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागं धावले, ही गोष्ट त्यांना नक्की येत असेल. नामदेवांचं नरसी हिंगोली जिल्ह्यातलं. तहानलेल्या गाढवाला कावडीतलं गंगाजल पाजणारे एकनाथ पैठणचे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, त्या रेड्याची तर जुन्नर तालुक्यात आळ्याला समाधी आहे, लोक दर्शनाला जातात. मुक्या जिवासाठी डोळ्यांतून पाणी काढणं आपल्याकडे कधीच कमीपणाचं नव्हतं. हे आजीच्या तोंडून ऐकलेलं लेकरांना जास्त पटेल.

आता पोळ्याचं. श्रावणी अमावस्या महिनाभरावर आली आहे आणि माझ्या मते मोतीची आठवण काढायला याहून चांगला दिवस नाही. ज्यांच्या दावणीला बैल नाहीत त्यांच्या घरी मातीचे बैल पुजतात, हे तुम्ही लहानपणी पाहिलंच असेल. यंदा मुलांना माती आणून द्या. बैलजोडी करू द्या आणि शेजारी मोती करू द्या. कान लांब झाले, पाय वाकडा झाला तरी तुम्ही हात लावू नका. माती मळताना मुलं जेवढं बोलतात तेवढं समोर बसवून विचारल्यावर बोलत नाहीत. आदल्या दिवशी खांदेमळणी असते, बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळून 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या' म्हणतात. ते आवतण मुलानं मोतीला द्यावं, आजीनं फोनवरून शब्द सांगावेत. दुसऱ्या दिवशी कुंकू लावा, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवा आणि जेवताना प्रत्येकानं मोतीची एक खोडी सांगावी. हसू आलं तर हसा. पुढच्या वर्षीही मातीचा मोती करायचा, हे मुलांना आताच सांगून ठेवा.

श्राद्ध घालावं का, हा प्रश्न तुमच्या मनात येईल. त्याची गरज नाही. पितृपक्षात पान वाढताना कुत्र्याचा घास काढतातच, तो यंदा मुलीच्या हातून काढा.

अस्थी घरी मिळाल्या असतील तर त्या कुठं ठेवायच्या हे मुलांना विचारून ठरवा. अंगणात पुरायचं असेल तर तिथल्या नगरपालिकेचा नियम आधी बघा. एक काळजी सगळ्यांनीच घ्यावी: इंजेक्शन दिलेलं शरीर उथळ पुरू नये, ते औषध आत राहतं आणि दुसऱ्या जनावरानं उकरून खाल्लं तर त्यालाही विषबाधा होते.

पिल्लाची घाई नको. लगेच आणलं तर मोतीची जागा भरून टाकली असं मुलीला वाटेल, आणि त्या पिल्लालाही रोज मोतीशी तोलून बघितलं जाईल. तुमच्या ह्यांना म्हणावं, मुलं स्वतःहून मागेपर्यंत थांबा. तोवर मोतीचा पट्टा आणि जेवणाची वाटी टाकू नका. मुलाच्या शाळेत बाईंना एवढं कळवून ठेवा की घरचा कुत्रा गेला आहे. तो वर्गात अचानक रडला तर त्यांना कारण माहीत हवं.