कुत्रा, ससा आणि मधलं दार : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

कुत्र्याबरोबर घरात ससा, गिनिपिग, पक्षी, मांजर असं काही असेल तर काय अडचणी येतात ते कळवा असं मागच्या वेळी म्हटलं होतं. प्रश्न भरपूर आले, त्यातले जे पुन्हा पुन्हा येत होते ते घेतलेत. नावं काढून फक्त गावं ठेवलीयत.

प्रश्न (कोथरूड, पुणे): आमची बॉर्डर कॉली आठ महिन्यांची आहे. मुलीचे दोन गिनिपिग आहेत, ही तासन् तास त्यांच्या पिंजऱ्यासमोर बसून नुसती बघत असते, भुंकत नाही काही नाही. घरचे म्हणतात तिला ते खूप आवडतात. एकदा सोडून बघू का?

नका सोडू. आवडतात हे खरंय, पण घरचे म्हणतायत त्या अर्थाने नाही.

कुत्र्याची शिकार ही एक साखळी असते. आधी हेरायचं, मग नजर रोखायची, दबकत पुढे सरकायचं, पाठलाग, पकडणं, मारणं, फाडणं आणि शेवटी खाणं. लांडग्यात ही अख्खी असते. रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या अमेरिकन अभ्यासक जोडप्याने हे छान मांडलंय, की माणसाने कामाप्रमाणे ब्रीड घडवताना यातल्या काही कड्या वाढवल्या आणि काही दाबल्या. पॉइंटर शिकार दिसली की जागीच थिजतो, टेरियर सरळ धरून झटकतो, आणि तुमच्या कॉलीत नजर, दबकणं आणि पाठलाग हे तिन्ही जबरदस्त वाढलेलं आहे, चावणं मात्र दाबलेलं. आजच्या बॉर्डर कॉलींचा मूळपुरुष मानतात तो ओल्ड हेम्प 1893 साली इंग्लंडच्या नॉर्थम्बरलंडमध्ये जन्मला, आणि त्याचं वैशिष्ट्य हेच सांगतात की गडबड न करता नुसत्या नजरेवर मेंढ्या हलवायचा. म्हणजे तुमच्या घरात जे चाललंय ते प्रेम नाही, ड्युटी आहे.

आता घोळ असा की मेंढीवर नजर रोखली की मेंढी चालायला लागते आणि कुत्र्याचं काम पुढे सरकतं. गिनिपिग कुठे जाणार? तो थिजून बसतो, बघणाऱ्याला वाटतं किती शांत बसलाय, आणि तो बिचारा भीतीने अर्धमेला झालेला असतो, खाणं कमी करतो, आणि गिनिपिग काय ससा काय, यांचं पोट रिकामं राहून चालतच नाही. त्यात दाबलेली कडी म्हणजे नसलेली कडी नव्हे. गिनिपिग अचानक पळाला आणि हिच्यातला पाठलाग सुटला की पुढे काय होईल याची खात्री मी देणार नाही, कोणी देत असेल तर त्याच्याकडून लिहून घ्या.

पिंजरा दुसऱ्या खोलीत, उंचावर आणि दार लावून. पिंजऱ्याची एक बाजू झाकून ठेवा म्हणजे गिनिपिगना लपता येईल. आणि कॉलीला काम द्या, कारण ते बघत बसणंच तिचं बक्षीस झालंय, रोज तासन् तास केलं की ते पक्कं होत जातं. वास शोधायचे खेळ, मोठा बॉल नाकाने ढकलत नेणं, रोज थोडं ट्रेनिंग. फ्लॅटमधल्या कॉलीला काम नसेल तर ती स्वतः शोधते, मग स्कूटरची चाकं, पंख्याची सावली, सोसायटीतली पोरं. लेझर लाइटने मात्र कधीच खेळवू नका, तो ठिपका हाती लागतच नाही आणि सावल्या-उजेडामागे धावायचं वेड लागू शकतं.

प्रश्न (लातूर जिल्हा): शेतावर कारवान कुत्रा आहे, दोन वर्षांचा. दूध-भाकरी, अंडी सगळं पोटभर घालतो तरी शेजाऱ्याच्या कोंबड्या मारतो, आणि खात पण नाही, तिथंच टाकून येतो. भांडणं व्हायला लागलीत. सशामागं तर विचारूच नका.

भुकेचा यात काही संबंध नाही हो. वर साखळी सांगितली ना, त्यातल्या प्रत्येक कडीची मजा वेगळी असते. तुमच्या कुत्र्याला पळणाऱ्या गोष्टीमागे सुटण्यातच सगळं मिळतं, खाणं ही शेवटची कडी, तिथवर त्याला जायचंच नाही. म्हणून जास्त खाऊ घालून शिकार थांबत नाही. नसबंदीने थांबेल असंही काही जण सांगतात, तिची कारणं वेगळी आणि ती चांगलीही आहेत, पण शिकारीचा तिच्याशी संबंध नाही.

कारवान हा नजरेवर शिकार करणारा कुत्रा. पलीकडे कर्नाटकात त्यालाच मुधोळ म्हणतात, तिथल्या घोरपडे संस्थानिकांनी त्याला राजाश्रय दिला होता. लांब तोंड, खोल छाती, लांब पाय, सगळं शरीर माळरानावर ससा गाठायला बनलेलं. एकदा सुटला की हाक ऐकू येत नाही, आणि तो मुद्दाम तुमचा अपमान करत नसतो, त्या क्षणी त्याचं डोकंच दुसरीकडे असतं. परत आल्यावर बडवलं तर तो एवढंच शिकतो की मालकाकडे गेलं की मार बसतो, मग येणंही बंद.

दिवसा कोंबड्या मोकळ्या असतात तेव्हा हा बांधलेला किंवा कुंपणात हवा, आणि कुंपण चांगलं उंच, हे कुत्रे उड्या मस्त मारतात. फिरायला नेताना जाळीचा मास्क घाला, त्यातून धाप टाकता येते, पाणी पिता येतं. लांब दोर लावणार असाल तर गळ्यातल्या पट्ट्याला नको, छातीच्या हार्नेसला लावा, कारण हा फुल स्पीडमध्ये दोराच्या टोकाला पोचला तर मान जायची. पहाटे मोकळ्या बंदिस्त जागेत भरपूर पळवा. मेलेली कोंबडी गळ्यात बांधायचा जो उपाय पारावर सांगतात तो करू नका, घाण होते आणि कुत्रा काही शिकत नाही. शेजाऱ्याच्या कोंबड्यांचे पैसे मात्र देऊन टाका, अर्धं भांडण तिथेच मिटतं. आणि रानातला ससा वन्यजीव कायद्यात येतो, कुत्र्याकरवी मारला तरी ती शिकारच, तेव्हा "बघा आमचा कसा पळतो" म्हणून सोडायचे व्हिडिओ वगैरे बंद.

जाता जाता, त्याच माळावर धनगरांचे कुत्रे बघा. लहानपणापासून मेंढरांतच वाढतात, कोकरू अंगावरून उडी मारून गेलं तरी ढिम्म, आणि लांडगा आला की उठतात. राखणीच्या कुत्र्यांत ही पाठलागाची साखळीच मंद असते. तुमचा कारवान त्यांच्यासारखा का वागत नाही, तर त्याला त्या कामासाठी कोणी घडवलंच नाही.

प्रश्न (ठाणे): लॅब्राडॉर आणि कॉकॅटियल आहे. लॅब तोंडात अंडं धरूनही फोडत नाही म्हणतात, मग पक्ष्याला धोका नाही ना?

अंडं फडफडत नाही. लॅबचं तोंड मऊ असतं हे खरं, पाडलेली बदकं न चिरडता आणून देण्यासाठीच तो घडलाय, पण उचलून आणणं हेच त्याचं काम आहे हे विसरू नका. कॉकॅटियलचं वजन शंभर ग्रॅमच्या आसपास, त्याला चावायची गरजच नाही, लाडाने उचललं तरी आतली हाडं जातात. पक्षी बाहेर असताना लॅब दुसऱ्या खोलीत. (आणखी एकाने "आमचा साधा हिरवा पोपट" म्हणून विचारलंय. आपले देशी पोपट पाळणं कायद्याने बंद आहे, वनविभागाशी बोला.)

प्रश्न (डोंबिवली): आमचा जॅक रसेल बिल्डिंगमधले उंदीर मारतो, वॉचमन खूश आहे. मुलाला आता ससा हवाय. एवढा हुशार कुत्रा आहे, घरचा ससा वेगळा हे कळेल ना?

नाही. हा ससा आणू नका, सरळ सांगतो. बिळात घुसून कोल्ह्याला बाहेर काढायला एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन रसेल नावाच्या पाद्र्याने ही जात वाढवली, आणि तुमच्या कुत्र्याने तर मारण्यापर्यंतचा सराव करून ठेवलाय. मारायची कडी एकदा जमली की ती ट्रेनिंगने पुसता येत नाही, फक्त दार लावता येतं, आणि दहा वर्षं रोज न चुकता ते दार कोण लावणार? मुलाला फिश टँक घ्या.

आणि ते उंदीर मारणंही थांबवा. बिल्डिंगमध्ये औषध टाकलेलं असतं, विष खाल्लेला उंदीर आधी सुस्त होतो म्हणून तोच सापडतो, आणि ते विष कुत्र्याच्या पोटात जाऊ शकतं. या औषधांपैकी बऱ्याच औषधांनी रक्त गोठायचं बंद होतं, लक्षणं काही दिवसांनी दिसतात. हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आलं, धाप लागली, तर उद्या बघू म्हणू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, व्हिटॅमिन के देऊन उपचार होतात. शिवाय पावसाळ्यात लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून होणारा आजार, आहेच. त्याची लस दरवर्षी घेतलीय का ते कार्डवर बघा.

प्रश्न (सांगली): जर्मन शेफर्ड घरातल्या मांजरीला कोपऱ्यात कोंडतो, लहान मुलांभोवती गोल फिरतो आणि टाचेला दात लावतो. चावरा झालाय का?

चावरा नाही, गुराखी आहे. जर्मनीत हे कुत्रे पिकाच्या कडेने फेऱ्या मारून मेंढ्यांना शेतात जाऊ द्यायचे नाहीत, तेच हॉलमध्ये चाललंय. पण मुलाच्या टाचेला दात लागतोच, म्हणून पळापळीचे खेळ असतील तेव्हा त्याला चटईवर बसायला शिकवा आणि बसला की खाऊ द्या. मांजरीला उंच कपाटावर जायला दोन रस्ते ठेवा. एकच ठेवला तर तो तिथेच पहारा देईल.

प्रश्न (नाशिक): रस्त्यावरची इंडी (आपली देशी कुत्री) आणलीय, वर्षाची असेल. घरात आधीची मांजर आहे. ओळख कशी करायची? ब्रीडचं गणित इथे लागत नाही ना?

ब्रीडचं गणित तसंही अर्धवटच लागतं. 2022 मध्ये सायन्स या नियतकालिकात अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला, अठरा हजारांवर कुत्र्यांच्या मालकांची उत्तरं होती त्यात, आणि एकेका कुत्र्याच्या वागण्यातला जेमतेम 9 टक्के फरक ब्रीडवरून सांगता येतो असं निघालं. म्हणून समोरचा कुत्रा वाचायचा.

पहिले काही दिवस भेट नाहीच, मधे बंद दार, फक्त एकमेकांची चादर हुंगू द्या. मग जाळीचं दार किंवा बेबी गेट, इंडी पट्ट्यावर, मांजर मोकळी. तिने मांजरीकडे बघून परत तुमच्याकडे बघितलं की लगेच चिकनचा तुकडा. काय बघायचं तर अंग. सैल, वळवळतंय, मधेच जमीन हुंगतेय तर ठीक. तोंड मिटलं, कान पुढे, मान ताठ, वजन पुढच्या पायांवर, बारीक थरथर, हाक मारली तरी कान हलत नाही, की अंतर वाढवा. शेपटी हलतेय हे काही सर्टिफिकेट नाही, शिकारीला निघालेल्याची पण हलते. आठवडे लागतात, कधी महिने. मांजरीवर ती धावली म्हणून ओरडू-मारू नका, मांजर दिसली की मार बसतो एवढंच तिच्या डोक्यात बसतं.

प्रश्न (न्यू जर्सी): आमचा हस्की आणि ससा एकत्र वाढलेत, दीड वर्ष काही झालं नाही. आता आम्ही नवरा-बायको दोघंही ऑफिसला जाणार, दिवसभर त्यांना एकत्र ठेवलं तर?

वेगळ्या खोल्या, दार बंद. एकत्र वाढल्याचा फायदा होतो, पण पिल्लू असताना जे दिसत नाही ते वयात आल्यावर दिसू शकतं, आणि हस्कीत लहान प्राण्यांची शिकार करायची ओढ चांगलीच असते. तुम्ही समोर असताना शांत राहणं हे तुमच्या समोरचं वागणं झालं. एखाद्या दिवशी ससा दचकून सुसाट पळेल, तेव्हा दीड वर्षाची ओळख आठवायला तेवढा वेळ नसतो.

आणि हे सगळ्यांसाठी, कुठल्याही कुत्र्याने सशाला नुसतं तोंडात धरून सोडलं असलं तरी डॉक्टरकडे न्या. वरून दोन बारीक भोकं दिसतात, केसांत तीही दिसत नाहीत, आत मात्र चिरडलेलं असतं. ससा दुखणं लपवतो, धक्क्यानेही दगावू शकतो. अंधाऱ्या खोक्यात टॉवेलवर ठेवा, जबरदस्तीने पाणी पाजू नका, हळद लावत बसू नका. सशांची माहिती असलेल्या डॉक्टरचा नंबर आजच फोनमध्ये टाकून ठेवा, कारण बऱ्याच क्लिनिकमध्ये कुत्र्या-मांजरांपलीकडे बघत नाहीत आणि ते रात्री अकरा वाजता कळतं.