डिसेंबरअखेरीस आईवडिलांना घेऊन हेलसिंकीला पहिल्यांदा जायचं आहे. थंडीची तयारी कशी करावी?

थंडीचं टेन्शन थोडं कमी करा आणि घसरण्याची काळजी जास्त घ्या, हे मी इथे राहणारा माणूस म्हणून आधी सांगतो. इथली घरं, ट्रॅम, दुकानं सगळी छान उबदार असतात. उणे दहा तापमानाला कोरडी थंडी असते, नीट कपडे असले तर सोसते. त्रास होतो तो तापमान शून्याच्या आसपास खालीवर होत राहिलं की. दिवसा बर्फ वितळतो, रात्री तेच पाणी गोठतं आणि फुटपाथवर काचेसारखा पारदर्शक थर तयार होतो. डिसेंबरमध्ये हे बऱ्याचदा होतं. पांढरा, भुसभुशीत बर्फ असेलच असंही नाही, कधी नुसता पाऊस असतो.

महापालिका फुटपाथवर बारीक खडी टाकते. खडी दिसेल तिथूनच चाला. पावलं छोटी टाका, हात खिशात घालू नका, म्हणजे तोल गेला तर सावरता येतं. बुटांना खालून लावायचे खिळ्यांचे पट्टे इथल्या दुकानांत मिळतात. आईबाबांसाठी ते पहिल्याच दिवशी घ्या, यात काटकसर नको. बूट एक नंबर मोठे असू द्या, कारण लोकरीचे मोजे घातल्यावर पाय आवळले गेले तर ते गार पडतात. आतला थर सुती नको, घाम धरून ठेवतो. आई साडी नेसत असतील तर बाहेर फिरताना थर्मल आणि पँटच बरी, काठ ओले झाले की दिवसभर अंगाला गारवा लागत राहतो.

विमानतळावरून शहरात यायला आय किंवा पी ट्रेन घ्या, साधारण अर्धा तास लागतो. तिकिटाचे दर झोननुसार असतात आणि विमानतळ सी झोनमध्ये आहे, म्हणून ए, बी, सी तिन्ही झोनचं एबीसी तिकीट काढा. मुख्य स्टेशनातून बाहेर पडलात की मागे वळून एकदा दाराकडे बघा. हातात गोल दिवे घेतलेले ते दगडी पुतळे वास्तुविशारद एलिएल सारिनेनने आखलेल्या इमारतीचे आहेत, ती 1919 मध्ये खुली झाली. पुढे हॉटेल दहा मिनिटांवर असलं तरी ट्रॅम घ्या. बॅगेच्या चाकांत बर्फ अडकतो आणि एका हाताने बॅग ओढताना तोल सांभाळणं अवघड जातं. कुठे फुटपाथवर आडवा अडथळा लावलेला दिसला तर त्याखालून जाऊ नका, वर छपरावरचा बर्फ पाडण्याचं काम चालू असतं.

दुसरी गोष्ट प्रकाशाची, आणि ही मला थंडीइतकीच महत्त्वाची वाटते. त्या दिवसांत सूर्य साडेनऊच्या सुमारास उगवतो आणि सव्वातीनला मावळतो. भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम सहा अंश वर असतो. घरातली मोठी माणसं अशा अंधारात नकळत खिन्न होतात, हे मी पाहुण्यांमध्ये पाहिलंय. म्हणून सकाळी दहा ते तीन बाहेरचं फिरणं ठेवा: सेनेट चौक, बंदर, आणि वारा कमी असेल तर सुओमेनलिन्नाचा सागरी किल्ला. तिथे जाणारी फेरीबोट हिवाळ्यातही चालते आणि शहराच्याच बस-ट्रॅमच्या तिकिटावर जाता येतं. समुद्र गोठला असेल तर बोट बर्फ फोडत जाते, तो आवाज आईबाबांना नक्की ऐकवा. अंधार पडला की स्टेशनजवळच्या ओदी ग्रंथालयात जाऊन बसा. 2018 मध्ये उघडलेलं हे सार्वजनिक ग्रंथालय आहे, प्रवेश मोफत, वरच्या मजल्यावर भरपूर जागा, कॉफी मिळते आणि कोणी उठवत नाही.

मोबाइल आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी भराभर उतरते. आणि 24 तारखेला पोहोचत असाल तर दूध, ब्रेड, फळं आधीच घेऊन ठेवा किंवा हॉटेलला जेवणाचं विचारून घ्या. त्या दुपारपासून शहर नाताळासाठी घरी जातं, बहुतेक दुकानं आणि रेस्टॉरंट 25 तारखेलाही बंदच असतात.