रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टर 650 ला 50 मिलिमीटरचे राइजर (हँडलखाली बसणारे, ते उंच करणारे ठोकळे) बसवू का? तासाभरात मनगटं आणि मान भरून येते.

तुम्ही लिहिलंय की उंची सहा फूट आहे, दर आठवड्याला पुणे-कोल्हापूर करता आणि साताऱ्याच्या आधीच करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. माझी गाडी हीच, उंची तुमच्यापेक्षा दोन इंच कमी, आणि मला हाच त्रास होता. म्हणून सविस्तर लिहितो.

राइजर लगेच मागवू नका. आधी एक रुपयाही खर्च न करता हँडल फिरवून बघा. हँडल धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पचे चार बोल्ट सैल करून हँडल थोडं स्वतःकडे वळवलं की मुठी खाली आणि मागे येतात, पुढे ढकललं की वर जातात. पाच अंशांचा फरकसुद्धा हाताला कळतो. मग गाडीवर नेहमीसारखे बसा, डोळे मिटा आणि हात सहज पुढे न्या. बोटं क्लच-ब्रेकच्या लिव्हरवर ठेवल्यावर कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेषा हवी. मनगट वर मोडत असेल तर लिव्हर खाली फिरवा. करंगळीच्या बाजूच्या मुंग्या बहुतेक वेळा तळव्याच्या त्या कडेवर भार पडून नस दबल्याने येतात. म्हणजे तुम्ही हँडलवर रेलताय. गुडघ्यांनी टाकी धरून कंबरेतून बसलात तर तो भार बराच उतरतो. माझा अर्धा त्रास इथेच गेला.

उरलेल्या अर्ध्यासाठी राइजर. पण 50 नको. मी आधी तेवढेच बसवले होते. गॅरेजवाल्याने अर्ध्या तासात काम उरकलं, मीही खूश होऊन निघालो. घराजवळ यू-टर्न घेताना हँडल डावीकडे पूर्ण वळलं आणि रेस आपोआप चढली. गाडी पुढे झेपावली, क्लच दाबला म्हणून समोरच्या भाजीच्या हातगाडीपासून वाचलो. हँडल उचलल्यामुळे अ‍ॅक्सिलरेटरची केबल ताणली गेली होती. घरी गाडी मेन स्टँडवर लावून पुन्हा पाहिलं. इंजिन चालू, हात मुठीला नाही, हँडल सावकाश डावीकडे नेलं, तर शेवटच्या दोन इंचांत काटा 2000 च्या पुढे. तेव्हा घशाला कोरड पडली. हाच वळसा खंबाटकीच्या घाटात घ्यावा लागला असता तर, हा विचार अजूनही जात नाही.

म्हणून कुणीही बसवून दिलं तरी ही तपासणी स्वतः करा. दोन्ही टोकांपर्यंत हँडल वळवताना रेस तसूभरही बदलता कामा नये, क्लचमध्ये मोकळेपणा राहिला पाहिजे, पुढच्या ब्रेकचा होज (ब्रेक ऑइलची नळी) कुठेही ताठ होता कामा नये, आणि स्विचच्या वायरी हँडलच्या गळ्याशी, म्हणजे हँडल जिथे फ्रेममध्ये फिरतं तिथे, चिमटत नाहीत ना हे टॉर्चच्या उजेडात बघा. बोट टाकीवर आपटतं का तेही. ब्रेकच्या होजबाबत मी कुणाचंही ऐकणार नाही. तो ताणलेला असेल तर लांब होज घ्या, नाहीतर राइजर काढा.

आता माझ्या गाडीवर 25 मिलिमीटरचे आहेत आणि मूळच्या केबल फक्त वाट बदलून पुरल्या. हँडलचा गळा मागे कललेला असल्याने त्याच दिशेत राइजर बसला की हँडल वर येताना थोडं मागेही येतं. त्यामुळे 25 सुद्धा कागदावर वाटतं त्याहून जास्त जाणवतं. सोबत लांब बोल्ट येतात, ते निदान स्वतःच्या जाडीइतके तरी आट्यांत शिरले पाहिजेत. घट्ट करताना टॉर्क रेंच (किती जोर लागतोय ते दाखवणारा पाना) वापरा, आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहा. शंभर-दीडशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावा.

खूप उंच हँडलला दुसरी किंमतही आहे. पाठ ताठ झाली की छातीवर वारा बसतो, खड्ड्याचा दणका थेट माकडहाडातून मणक्यात जातो. तुमची मान भरते त्यात हायवेवरच्या वाऱ्याचाही वाटा असणार. उंची वाढवल्यावर मान आणखी धरली तर दोष वाऱ्याचा समजा, आणि पुढचा प्रयोग विंडशील्डचा करा.