बाहेर बसून ॲक्रिलिक: रंग ओला कुठे ठेवायचा आणि सुकू कुठे द्यायचा

या वेळी आलेली बरीच पत्रं एकाच विषयावरची आहेत, उघड्यावर बसून ॲक्रिलिकने लँडस्केप करणाऱ्यांची, आणि त्यातले बहुतेक जण चित्रकलेवरच पोट असलेले. म्हणून बाकीचे विषय पुढच्या वेळी, आज हाच धरून बसू.

प्रश्न: ताई, मी पूर्णवेळ चित्रकार आहे, स्टुडिओत ॲक्रिलिकवर हात चांगला बसलाय पण बाहेर गेलं की सगळं बिघडतं. ऊन-वारा असला की पॅलेटवरचा रंग बघता बघता साय धरतो, आकाश ब्लेंड करायला जावं तर खालचा अर्धवट सुकलेला थर ब्रशबरोबर उचलून येतो आणि भोकं पडतात. रिटार्डर, म्हणजे रंग उशिरा सुकावा म्हणून घालतात ते द्रव्य, जास्त घातलं तर चित्र घरी येईपर्यंत चिकट राहतं. सरळ तैलरंगाकडे वळू का?

उत्तर: वळायचं तर तैलरंग आवडतात म्हणून वळा, ॲक्रिलिकला कंटाळून नको. माझं मत अगदी सरळ आहे, ॲक्रिलिक पॅलेटवर ओला राहायला हवा आणि बोर्डवर पटकन सुकायला हवा. आपण बहुतेक जण नेमकं उलटं करतो, पॅलेट उन्हात उघडं टाकतो आणि बोर्डवरचा रंग ओला ठेवायला जिवाचं रान करतो.

ॲक्रिलिक म्हणजे पाण्यात पसरलेले प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म कण आणि त्यांच्यासोबत पिगमेंट, म्हणजे रंगाची पूड. पाणी उडालं की ते कण एकमेकांना भिडून एकजीव होतात, फिल्म तयार होते आणि एकदा झाली की पाण्याने परत सुटत नाही. तुमची भोकं पडतात ती या दोन्हीच्या मधल्या काही मिनिटांत, वर पापुद्रा धरलेला आणि आत अजून ओलं. त्या मिनिटांत ब्रश लावायचाच नाही. रंग लावल्या लावल्या दोन-चार फटक्यांत जे करायचं ते करून घ्या, नाहीतर हात काढा, चित्राच्या दुसऱ्या कोपऱ्यात काम करा आणि तो भाग पूर्ण सुकला की मग परत या.

पॅलेटचं म्हणाल तर वेट पॅलेट विकत घ्या किंवा घरी करा, घट्ट झाकणाचा पसरट डबा, तळाला ओला स्पंज किंवा पेपर टॉवेलच्या घड्या, त्यावर बेकिंगसाठी वापरतात तो पार्चमेंट कागद. पाणी खालून थोडं थोडं वर येत राहतं आणि रंग तासन्‌तास मऊ राहतो. मेणकागद मात्र चालत नाही कारण त्यातून पाणी वर येतच नाही. स्पंज पिळून घ्या, निथळता राहिला तर रंग पाणचट होऊन एकमेकांत पळतो. डबा कायम सावलीत, मधूनमधून स्प्रे बॉटलचा बारीक फवारा, तोही पॅलेटवर, बोर्डवर नको.

आता आकाश, कारण सगळे तिथेच अडकतात. ब्रश उचलायच्या आधी चार-पाच शेड पॅलेटवरच मिसळून ओळीने मांडून ठेवा, वरच्या भागासाठी पांढऱ्यात अल्ट्रामरीन, खाली येताना त्यात किंचित थॅलो ब्लू आणि क्षितिजाजवळ जवळजवळ पांढरा, त्यात यलो ऑकर अगदी ब्रशच्या टोकाएवढा. मग रुंद चपट्या ब्रशने वरून खाली पट्टे मारत या, एकाची कड ओली असतानाच पुढचा तिला भिडवा, आणि जिथे सांधा दिसतो तिथे घासत बसू नका, सुकू दे. सुकल्यावर त्या दोन शेडच्या मधला रंग घ्या, ब्रश चिंधीला पुसून जवळजवळ कोरडा करा आणि सांध्यावरून आडवातिडवा हलकेच फिरवा. बोर्डाच्या खरखरीत पोतावर रंग फक्त उंचवट्यांना लागतो, मधूनमधून खालचा दिसत राहतो, दोन पावलं मागे सरकून बघा, सांधा राहत नाही. मला तर ओल्यात ओलं घोटून केलेल्या गुळगुळीत आकाशापेक्षा हे आकाश जास्त हवेशीर वाटतं, आणि हे तैलरंगात त्याच बैठकीत करता येत नाही कारण खालचा थर सुकलेलाच नसतो.

रिटार्डरबद्दल एवढंच की त्यात बाइंडर, म्हणजे पिगमेंटला धरून ठेवणारं ते प्लॅस्टिक, नसतो, म्हणून बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणाच्या पुढे गेलात की फिल्म नीट बनत नाही आणि चिकटपणा राहतो. ओला वेळ खरोखरच लागत असेल तर हळू सुकणारे ॲक्रिलिक मिळतात, गोल्डन कंपनीचे ओपन ॲक्रिलिक २००८ पासून आहेत, नेहमीच्या ॲक्रिलिकमध्ये ते मिसळताही येतात. पण जाड लावले तर आतून सुकायला बरेच दिवस घेतात हे धरून चाला.

प्रश्न: बाहेर असताना चित्र झकास दिसतं आणि खोलीत आणून ठेवलं की काळवंडल्यासारखं होतं. दर वेळी. काय चुकतंय?

उत्तर: इथे दोन वेगवेगळी कारणं एकत्र येतात आणि ती वेगळी केल्याशिवाय उपाय सापडत नाही.

पहिलं कारण प्रकाश. भर उन्हात साधारण एक लाख लक्स उजेड असतो आणि घरातल्या खोलीत फार तर काहीशे. बोर्डवर थेट ऊन पडत असेल तर त्यावरचा प्रत्येक रंग डोळ्याला आहे त्यापेक्षा उजळ दिसतो, मग तो बरोबर दिसावा म्हणून आपण नकळत गडद मिसळत जातो, आणि खोलीत आल्यावर ते उघडं पडतं. बोर्ड आणि पॅलेट दोन्ही एकाच सावलीत हवेत, एक उन्हात आणि एक सावलीत हे सगळ्यात वाईट. छत्री लावायची तर पांढरी, करडी किंवा काळी घ्या, लाल-निळी छत्री सगळ्या चित्रावर आपला रंग सांडते. अंगात भडक शर्ट असेल तर तोही बोर्डवर परावर्तित होतो, हे लोकांना खरं वाटत नाही पण एकदा केशरी शर्ट घालून पांढऱ्या बोर्डसमोर उभे राहून बघाच. गॉगल काढून ठेवा.

दुसरं कारण रंगाचं स्वतःचं. ओल्या ॲक्रिलिकमधला बाइंडर दुधाळ असतो, सुकल्यावर तो पारदर्शक होतो आणि रंग थोडा गडद होतो. पांढरा भरपूर असलेल्या मिश्रणात फरक कमी जाणवतो, गडद आणि पारदर्शक रंगांत जास्त. यावर सवय हाच उपाय आहे आणि ती लवकर लागावी म्हणून एक करा, बोर्डच्या कडेला किंवा वेगळ्या पट्टीवर मिसळलेल्या रंगाचा ठिपका द्या, मिनिटभर सुकू द्या, मगच तो रंग मोठ्या भागाला लावा. सावल्यांच्या बाबतीत तर हे न चुकता करा, कारण लँडस्केप काळं पडतं ते बहुतेक वेळा सावल्यांतूनच.

प्रश्न: सर म्हणायचे की लाइट बदलायच्या आत चित्र संपव. माझं कधीच संपत नाही, सावल्या सरकतात, मी त्यांच्या मागे धावते आणि शेवटी चित्रात दोन-दोन सूर्य असल्यासारखं होतं. छोट्या साइजवर करू का?

उत्तर: हो, साइज आधी कमी करा, ६ बाय ८ किंवा ८ बाय १० इंच पुरे. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे दीड-दोन तासांनी समोर वेगळंच दृश्य उभं असतं. पहिल्या दहा मिनिटांत फक्त सावल्यांचे आकार एकाच गडद रंगाने पातळसर मांडून टाका, ते सुकले की तुमची वेळ तिथे कायमची नोंदली गेली, मग पुढे समोर काहीही होवो, सावली बोर्डवर बघायची, जमिनीवर नाही. ॲक्रिलिकचा इथे मोठा फायदा आहे, कारण सुकलेला तो आराखडा वर कितीही रंग लावला तरी विरघळून मिसळत नाही. आणि लाइट अगदीच पालटला तर दुसरा बोर्ड काढा. फ्रेंच चित्रकार मोने १८९०-९१ मध्ये गवताच्या गंजी रंगवत होता तेव्हा एकाच वेळी अनेक कॅनव्हास घेऊन बसायचा आणि उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा. दुसऱ्या दिवशी तीच वेळ गाठून पहिला बोर्ड पुढे न्यायचा, यात कमीपणा काही नाही.

प्रश्न: थंडीत पहाटे रंगवलं तर चालतं का? एका मित्राचं चित्र नंतर भुकटीसारखं निघायला लागलं.

उत्तर: ॲक्रिलिकमधले प्लॅस्टिकचे कण एकजीव व्हायला थोडी ऊब लागते. साधारण ९-१० अंश सेल्सिअसच्या खाली फिल्म धड तयार होत नाही, वरून सुकल्यासारखं दिसतं पण आतून कमकुवत राहतं, मग तडे जातात किंवा पावडर सुटते. तेवढी थंडी असेल तर पेन्सिल आणि जलरंगाची नोंद करा, ॲक्रिलिक ऊन वर आल्यावर. दमट हवेत उलटा त्रास, रंग सुकतच नाही, तेव्हा थर पातळ ठेवा. आणि पावसाचा थेंब नुकत्या सुकलेल्या रंगालाही ओघळ पाडतो, झाकायला काहीतरी सोबत असू द्या.

प्रश्न: माझं घर चित्रांवर चालतं. बाहेर जाण्यात अर्धा दिवस जातो आणि हाती येतं ते छोटं स्टडी. गिऱ्हाईक विचारतं हे पूर्ण चित्र आहे का, वर ॲक्रिलिक टिकतं का असंही विचारतं. हा वेळ वसूल कसा करायचा?

उत्तर: दादा, तुमचा प्रश्न मला सगळ्यात जवळचा वाटला. बाहेरचं स्टडी दोन कामं करतं आणि ती दोन्ही पैशाची आहेत. एक, ते स्वतः विकलं जाऊ शकतं. दुसरं, स्टुडिओतल्या मोठ्या चित्राला ते अशी माहिती देतं जी फोटोत येतच नाही, फोटोत सावल्या काळ्या मिटतात, आकाश पांढरं फुटतं, आणि सावलीत नेमका कुठला निळा-जांभळा होता हे फक्त तुमच्या बोर्डवर लिहिलेलं असतं. म्हणून फोटो आकारांसाठी काढा आणि रंग स्टडीतून घ्या.

प्रत्येक स्टडीच्या मागे जागा, तारीख, वेळ, तोंड कुठल्या दिशेला होतं आणि वापरलेले रंग लिहून ठेवा. दोन वर्षांनी कुणी मोठ्या चित्राची ऑर्डर दिली की हीच ओळ कामाला येते. ज्या स्टडीवरून मोठं चित्र करायचं मनात आहे ते विकायची घाई करू नका, आधी चित्र करून घ्या. आणि स्टुडिओत आणून बाहेरचं काम घासूनपुसून नीटनेटकं करायचा मोह आवरा, एखादी चुकलेली कड, एखादा खटकणारा टोन दुरुस्त केला तर ठीक, त्यापुढे हात लावला की बाहेरचा उजेड निघून जातो आणि गिऱ्हाइकाला जे आवडलं असतं तेच उरत नाही. पूर्ण आहे का विचारलं तर सांगा, हे जागेवर बसून केलेलं पूर्ण चित्र आहे, आणि अमुक इतका वेळ त्या उजेडात उभं राहून केलंय. लोकांना ते ऐकायला आवडतं आणि ते खरंही आहे.

टिकाऊपणाचं खरं खरं सांगायचं. पाण्यात मिसळणारे कलाकारांचे ॲक्रिलिक १९५० च्या दशकात बाजारात आले, लिक्विटेक्स हा ब्रँड १९५५ मध्ये, म्हणजे तैलरंगासारखा शतकांचा इतिहास यांच्यामागे नाही. पण जवसाच्या तेलासारखं ते पिवळं पडत नाही, लवचीक राहतं, आणि रंग उडणं हे बाइंडरपेक्षा पिगमेंटवर जास्त अवलंबून असतं. ट्यूबवरचा पिगमेंटचा कोड वाचायची सवय लावा. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीवाय ४३ यलो ऑकर, पीआर २५४ पायरोल रेड, हे सगळे भरवशाचे. पीआर ८३ म्हणजे खरा अलिझरिन, तो उजेडात फिका पडतो, त्याऐवजी क्विनाक्रिडोन घ्या. फ्लुरोसंट रंग विकायच्या चित्रात नकोतच.

एक सांभाळायचं, ॲक्रिलिकची फिल्म उष्णतेत मऊ होते. तापलेल्या गाडीत दोन चित्रं समोरासमोर ठेवली तर ती एकमेकांना चिकटून बसतात, वेगळी करताना रंग सोलून निघतो. खाचांची पेटी वापरा किंवा चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून बोर्ड एकमेकांपासून लांब ठेवा. पातळ थरांच्या चित्राला एक-दोन आठवडे देऊन मग व्हार्निश, कारण या मऊपणामुळे धूळही त्यात धरून बसते.

प्रश्न: वाऱ्याने ईझल पडतं, धूळ-किडे चित्रावर बसतात. काय करू?

उत्तर: ईझलच्या मधोमध हूक लावून तुमचीच पिशवी त्याला टांगा, पाय वाऱ्याच्या दिशेने फाकवा आणि उंची कमी करा. धुळीचं मनाला लावून घेऊ नका. मोनेच्या १८७० च्या त्रूव्हिलच्या समुद्रकिनाऱ्याच्या चित्रात वाळूचे कण अजून आहेत, व्हॅन गॉगच्या १८८९ च्या ऑलिव्ह झाडांच्या एका चित्रात २०१७ मध्ये नाकतोड्याचे अवशेष सापडले. ॲक्रिलिकवर किडा बसला तर ओल्यात उचकटू नका, सुकल्यावर नखाने उडवा आणि वर ठिपका द्या.

प्रश्न: ब्रश धुतलेलं पाणी तिथेच झाडाला घातलं तर चालेल ना?

उत्तर: नाही, अजिबात नाही. त्यात प्लॅस्टिकचे कण आणि पिगमेंट असतात, ते माती-नाल्यात जाता कामा नयेत. ब्रश आधी चिंधीला पूर्ण पुसा म्हणजे पाणी कमी लागतं, गढूळ पाणी झाकणाच्या बाटलीत भरून परत आणा. घरी बादलीत गाळ खाली बसू द्या. तुरटी आणि चुन्याची निवळी घातली की गाळ लवकर जमतो, वरचं निवळलेलं पाणी कापडातून गाळून बाथरूमच्या ड्रेनमध्ये सोडा, गाळ वाळवून कचऱ्यात टाका. ब्रश मात्र परतीच्या वाटेवर सुकू देऊ नका, ओल्या चिंधीत गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि घरी पोचल्यावर साबणाने मुळापर्यंत धुवा, मुळाशी सुकलेला रंग ब्रश फाकवतो.