‘मी काहीच खात नाही, तरी वजन वाढतंय’

“मॅडम, खरं सांगते, दिवसभरात मी काहीच खात नाही. तरी काटा वरच सरकतो.”

वजनासाठी माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या बायकांच्या तोंडी पहिल्या पाच मिनिटांत हे वाक्य येतंच. सोबत नवरा असेल तर तो हसतो आणि बाईचा चेहरा पडतो. मला त्या हसण्याचा फार राग येतो. ती खोटं बोलत नसते. दिवसाचा जेवढा हिशेब तिच्या लक्षात राहतो, तेवढा ती प्रामाणिकपणे सांगत असते.

नीलाताईंची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय 44, राहायला डोंबिवली, नोकरी फोर्टला. घरी नवरा, सासूबाई आणि दहावीतली मुलगी. उंची 155 सेंटिमीटर, वजन 71 किलो, कमरेचा घेर 94 सेंटिमीटर. भारतीय स्त्रियांसाठी हा घेर 80च्या आत असावा असं मानतात, कारण आपल्याकडे चरबी पोटाभोवती साठते आणि साखर, रक्तदाब, लिव्हर यांची दुखणी तिथूनच सुरू होतात. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, 5.9 आली होती. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. त्यांच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन पाठवलं होतं.

थायरॉइडचा रिपोर्ट मात्र अगदी नॉर्मल होता. तो दाखवताना त्या म्हणाल्या, “थायरॉइड निघाला असता तर बरं झालं असतं. निदान लोकांना कारण तरी सांगता आलं असतं.”

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. वजनापेक्षा लोकांना काय सांगायचं याचंच ओझं या बाईंना जास्त झालंय, हे मला तिथे कळलं.

उपाय सगळे करून झाले होते. डॉक्टर दीक्षितांची दिवसातून दोनदाच जेवायची पद्धत महिनाभर, मग कुणीतरी सांगितलं म्हणून आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं दर दोन तासांनी थोडं थोडं खाणं. दोन्ही अर्धवट, दोन्ही स्वतःच्या मनाने. रात्री फक्त काकडी, सकाळी जिऱ्याचं पाणी, मध्ये एकदा भात बंद, एकदा पोळी बंद. प्रत्येक वेळी दोन-तीन किलो उतरायचे आणि पुढच्या लग्नसराईपर्यंत परत यायचे.

त्यांनी सांगितलेला दिवस असा होता: पहाटे उठून दोन डबे, चहा, पळत लोकल. ऑफिसात अकराला चहा. दुपारी दोन पोळ्या आणि भाजी, त्यातलीही एक पोळी कुणाला तरी देऊन टाकायची. चारला चहा. रात्री एक पोळी, वाटीभर आमटी. गुरुवार आणि चतुर्थी उपास. कागदावर मांडलं तर यात वजन वाढण्यासारखं खरंच काही नाही.

अमेरिकेत 1992 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. आपण फार कमी खातो तरी वजन उतरत नाही, असं सांगणाऱ्या दहा जणांचं खाणं आणि शरीर खर्च करत असलेली ऊर्जा संशोधकांनी नेमकेपणाने मोजली. चयापचय सगळ्यांचं ठीक होतं. त्यांनी सांगितलेलं खाणं मात्र प्रत्यक्षापेक्षा सरासरी 47 टक्क्यांनी कमी भरलं. ही माणसं लबाड नव्हती. आपण काय खाल्लं हे लक्षात ठेवण्यात आपण सगळेच फार कच्चे असतो. हे मी नीलाताईंना लगेच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते नवऱ्याच्या हसण्यासारखंच लागलं असतं.

त्याऐवजी त्यांना एक छोटी वही दिली आणि म्हटलं, “आठवडाभर खाण्यात काहीही बदल करू नका. किती खाल्लं तेही लिहू नका. फक्त तोंडात काही गेलं की वेळ लिहा, आणि तेव्हा तुम्ही उभ्या होतात की बसलेल्या, आणि जवळ कोण होतं ते.”

दुसऱ्या भेटीला त्या आल्या तेव्हा वही माझ्याकडे देताना त्यांचा हात जरा अडखळला. एका मंगळवारचं पान असं होतं: संध्याकाळी सव्वासात, उभी, एकटी, डब्यातली शेव. सात पंचवीस, उभी, एकटी, परत शेव. साडेसात, उभी, पोळ्या लाटताना, दाणे आणि गूळ. आठ, उभी, भाजीची चव बघताना. साडेनऊ, उभी, एकटी, पातेल्यातला उरलेला भात, आमटी घालून. नऊ चाळीस, उभी, मुलीच्या ताटातली अर्धी पोळी. अकरा, उभी, दुधावरची साय, साखर घालून. आणि या सगळ्याच्या मधे एकच नोंद बसलेली: पावणेनऊ, टेबलावर, सगळ्यांबरोबर, एक पोळी, आमटी.

“उभ्याने खाल्लेलं मी कधी धरलंच नव्हतं,” त्या म्हणाल्या आणि रडल्या.

आता हिशेब करणं सोपं होतं. शेव तळलेली; पन्नास ग्रॅम शेवेतून अडीचशेच्या वर कॅलरी जातात, आणि डब्यात दोन-तीनदा हात घातला की पन्नास ग्रॅम होतात. दाणे-गूळ, भात, पोळी, साय धरून ओट्यापाशीच एक पूर्ण जेवण होत होतं, आणि ते त्यांच्या खात्यात कुठेच नव्हतं. पण समुपदेशकाचं काम हिशेबापाशी संपत नाही. हे जेवण ओट्यापाशी का होतंय, हे शोधायला हवं होतं.

एक कारण सरळ होतं: भूक. सकाळी सहा ते रात्री पावणेनऊ यात त्यांच्या पोटात धड अन्न म्हणावं असं एकदाच, तेही एक पोळी आणि भाजी. संध्याकाळची गर्दीची लोकल, अर्धा प्रवास उभ्याने, डब्यातल्या मैत्रिणींबरोबर मटार सोलत किंवा मेथी निवडत. घरात पाऊल ठेवल्यावर हात शेवेच्या डब्याकडे जाणं यात चारित्र्याचा दोष कसला? दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, 1944-45 मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 36 निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून त्यांच्या शरीरावर आणि मनावर काय परिणाम होतो ते पाहिलं होतं. ते दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, चिडचिडे आणि उदास झाले. पुढे पोटभर मिळू लागलं तरी कित्येकांची वखवख बरेच दिवस गेली नाही. धडधाकट, स्वखुशीने तयार झालेल्या पुरुषांचं हे झालं. आपल्या बायकांनी मात्र दिवसभर उपाशी राहून घरादाराचा स्वयंपाक करावा आणि त्याला हातही लावू नये, अशी आपली अपेक्षा!

दुसरं कारण बाहेर यायला आणखी दोन भेटी लागल्या. काही वर्षांपूर्वी एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी दुसरी जिलेबी घेतली, तेव्हा नात्यातल्या एका बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, “अगं, पुरे आता, केवढी झालीस!” सगळे हसले. नवराही हसला. तेव्हापासून चारचौघांत नीलाताई एकच पोळी घेतात. राहिलेली भूक मग कुणी नसताना भागते. ओटा ही त्यांची कुणी न बघणारी जागा होती.

म्हणून पहिला बदल मी सुचवला तो वाढवण्याचा होता. आमच्या आहारतज्ज्ञ सहकाऱ्यांशी बोलून ठरवलं: सकाळी निघण्यापूर्वी बसून काहीतरी, मूगडाळीचं धिरडं किंवा अंडं-पोळी. दुपारच्या डब्यात दोन्ही पोळ्या स्वतः खायच्या, सोबत उसळ आणि काकडी-टोमॅटो. आणि साडेपाचला, लोकल पकडण्याआधी, ऑफिसातच मूठभर भाजलेले चणे आणि एक फळ, किंवा घट्ट ताक. रात्री घरच्यांसमोर ताटात दोन पोळ्या.

“अजून खायचं? मी वजन कमी करायला आलेय ना?” त्या जवळजवळ चिडल्याच.

मी एवढंच मागितलं की दोन आठवडे करून बघा, आणि काट्यावर उभं राहू नका. रोजच्या रोज वजन बघण्यात अर्थ नसतो. मीठ, पाणी, पाळीचे दिवस यांनी ते किलो-दीड किलो वरखाली होतंच, आणि त्यात सकाळचा सगळा मूड जातो.

दोन आठवड्यांनी वहीत शेवेच्या नोंदी निम्म्या झाल्या होत्या. कुणी मनाई केली नव्हती, डबाही लपवला नव्हता. साडेपाचचे चणे पोटात असल्यामुळे सव्वासातला हात आपोआप कमी जात होता.

उरलेल्या अन्नाचा प्रश्न मात्र चिवट होता. “अन्न टाकवत नाही हो,” हे त्या अगदी कळवळून सांगायच्या, आणि मला ते पूर्ण पटतं. अन्न हे पूर्णब्रह्म म्हणत वाढलेल्या माणसाला कचऱ्याच्या डब्यात भात टाकता येत नाही, येऊही नये. पण घरात रोज वाटीभर भात उरतो तर रोज वाटीभर तांदूळ जास्त पडताहेत. मापाची वाटी बदलली. आणि जेवायला बसण्याआधीच उरेल असं वाटणारं डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवायचं ठरलं. सकाळी त्याचा फोडणीचा भात, सगळ्यांनी मिळून खायचा. मुलीच्या ताटातलं मुलीने संपवायचं किंवा कमी वाढून घ्यायचं.

सासूबाईंना एकदा बोलावून घेतलं. मला वाटलं होतं त्या विरोध करतील. त्यांनी उलट विचारलं, “तेल किती घालायचं ते सांगा, मी बघते.” चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल लागत होतं. लिटरमध्ये साधारण 910 ग्रॅम तेल असतं, म्हणजे माणशी रोज 38 ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत दोन हजार कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात तेल-तूप सगळं मिळून 27 ग्रॅम धरलंय. किटलीने फोडणीत ओतायचं बंद झालं, चमचा आला, आणि तिसऱ्या महिन्यात तेल साडेतीन लिटरवर आलं. चव गेली असं घरात कुणी म्हटलं नाही. चहाही तसाच: दिवसाचे चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे 40 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना 25 ग्रॅमच्या आत राहिलं तर उत्तम असं सांगते. एक कप गेला, बाकीच्यांत साखर एकेक चमचा झाली.

उपासाबद्दल मी फार जपून बोलते, कारण तो श्रद्धेचा भाग आहे. पण साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. तूप, दाण्याचं कूट, बटाटा घालून केलेल्या खिचडीच्या एका बशीत साडेचारशेच्या आसपास कॅलरी भरतात, आणि ती सकाळी एकदा, ऑफिसात मैत्रिणीच्या डब्यातली एकदा अशी दोनदा व्हायची. ‘एकादशी दुप्पट खाशी’ आपल्याकडे उगीच म्हणत नाहीत. गुरुवार त्यांनी चालूच ठेवला. खिचडीच्या जागी दही, फळं, राजगिऱ्याची भाकरी किंवा वरीचा थोडा भात आणि दाण्याची आमटी असं आलं.

मग एका भेटीत त्या वही न काढताच बसून राहिल्या. मुलीच्या दप्तरात दोन दिवसांचा न खाल्लेला डबा सापडला होता. विचारल्यावर ती म्हणाली, “तू पण तर नाही खात.” त्या दिवसानंतर नीलाताईंनी रात्री ताट भरून वाढून घ्यायला कधी कचरल्याचं मला आठवत नाही. मी वर्षभर सांगून जे झालं नसतं ते मुलीच्या एका वाक्याने केलं. मुलीशी मी वेगळं बोलले. या वयात डबा टाळणं, आरशासमोर सारखं पोट दाबून बघणं, पाळी अनियमित होणं, जेवणानंतर लगेच बाथरूममध्ये जाणं, यांतलं काही दिसलं तर आईबापांनी ‘वय आहे, होईल ठीक’ म्हणत थांबू नये. तज्ज्ञाला दाखवावं. हिच्या बाबतीत वेळेत लक्षात आलं.

नवऱ्याला मी एकच गोष्ट सांगितली: वजनावर घरात किंवा बाहेर, थट्टेतसुद्धा, एक शब्द बोलायचा नाही. त्यांना ते लागलं. रात्री जेवणानंतर दोघं अर्धा तास चालायला जाऊ लागली, ही कल्पना त्यांचीच.

पहिल्या तीन महिन्यांत साडेतीन किलो उतरले. आठवड्याला पाव-अर्धा किलो हा वेग मला योग्य वाटतो. ‘महिन्यात दहा किलो’वाल्यांचे शरीरातल्या पाण्याबरोबर स्नायूही जातात आणि वखवख वाढते. गणपती ते दिवाळी वजन तसूभर हललं नाही. त्या काळात त्या फार खचल्या, आणि जुनी सवय डोकं वर काढू लागली: नाश्ता सोडायचा, रात्री काकडीच. मी कमरेची टेप काढली. वजन तेच होतं, घेर दोन सेंटिमीटरने कमी झाला होता. मोदक, करंज्या, चकल्या खाऊनही वजन वाढलं नाही हेच मोठं आहे, हे त्यांना पटायला वेळ लागला.

सगळ्यांना हीच वाट लागू पडेल असं नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नयेत. साखर एकदम उतरू शकते. वजन काही न करता भराभर वाढत किंवा घटत असेल तर आधी तपासण्या. आणि थोड्या वेळात भरमसाट खाल्लं जातं, थांबवताच येत नाही, नंतर स्वतःची किळस येते, असं वारंवार होत असेल तर तो वेगळा आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत, मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं.

नीलाताई आता 66 किलोवर आहेत, घेर 88. एचबीएवनसी मागच्या वेळी 5.6 आलं. त्यांनी मनात साठचा आकडा धरलाय आणि अधूनमधून त्यावरून आमचा वाद होतो. निदान पुढचे सहा महिने आहे ते टिकवा, मग साठचं बोलू, असं माझं म्हणणं आहे. त्यांना ते अजून पूर्ण मान्य नाही, पण वही चालू आहे.