स्मरणिकेतल्या इंग्रजी मजकुराला बास्करव्हिल फाँट चालेल का?

तुम्ही लिहिलंय की खानापूर तालुक्यातल्या तुमच्या वाचनालयाची स्मरणिका निघतेय, निम्मी मराठी, निम्मी इंग्रजी. इंग्रजीला कुणीतरी बास्करव्हिल सुचवलाय आणि तुमचा टाइम्सकडे ओढा आहे. मी बेळगावात 20 वर्षांहून जास्त काळ डीटीपी करतोय, लग्नपत्रिकांपासून पतसंस्थांच्या अहवालांपर्यंत. माझं मत विचाराल तर बास्करव्हिल जरूर घ्या, पण आधी कागद ठरवा.

हे मी हात पोळून शिकलो. एका देवळाच्या जीर्णोद्धाराचा हिशेब छापायचा होता. देणगीदारांची नावं इंग्रजीत, 9 पॉइंटमध्ये, कागद सगळ्यात स्वस्त. संगणकावर पान इतकं देखणं दिसत होतं की मी प्रूफ नीट पाहिलंच नाही. छापून आलं तेव्हा स्मॉल ईच्या पोटातली आडवी रेघ निम्म्या नावांतून गायब! ईचा सी झालेला. देणगी देणारा माणूस त्या यादीत आधी स्वतःचं नाव शोधतो, म्हणून ते मला फार लागलं. चूक पूर्ण माझी होती. ट्रेसिंग कागदावर लेझर प्रिंट काढून त्यावरून छपाईची प्लेट केली की केसासारख्या रेघा उजेडातच खाल्ल्या जातात, आणि उरलेल्या खरबरीत कागदावर तुटतात.

बास्करव्हिलचा जीव त्या बारीक रेघांतच आहे. जॉन बास्करव्हिल हा 18व्या शतकातला बर्मिंगहॅमचा माणूस. आधी सुंदर अक्षर शिकवायचा, थडग्यांच्या दगडांवर अक्षरं कोरायचा, मग रोगण चढवलेल्या वस्तूंच्या धंद्यात पैसा केला आणि तो छपाईत ओतला. त्याच्या अक्षरात जाड आणि बारीक रेघेतला फरक आधीच्या कॅस्लन या टाइपापेक्षा जास्त, गोल अक्षरांचा तोल जवळजवळ सरळ उभा, सेरिफ म्हणजे टोकाची शेपटी तीक्ष्ण. असं अक्षर तेव्हाच्या साध्या कागदावर उठणार नाही हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने जाळीच्या खुणा नसलेला गुळगुळीत कागद वापरला, शाई जास्त काळी केली, आणि छापलेला ताव तापलेल्या तांब्याच्या पत्र्यांत दाबून काढला. रोमन कवी व्हर्जिलच्या काव्याचं त्याचं पहिलं पुस्तक 1757 साली निघालं. एका अक्षरापायी एवढा खटाटोप करणाऱ्या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

तेव्हाही लोक म्हणायचे की याच्या टाइपाने डोळे दुखतात. बेंजामिन फ्रँकलिनने अशाच एका टीकाकाराला कॅस्लनचा नमुना बास्करव्हिलचा म्हणून दाखवला, आणि त्या गृहस्थांनी त्यातही तेच दोष काढून दाखवले.

आणखी एक गोष्ट. खिळ्यांची छपाई कागदात दाबली जायची, शाई थोडी पसरायची आणि बारीक रेघ आपोआप भरायची. आज संगणकावरच्या काही बास्करव्हिलमध्ये ती रेघ फारच नाजूक काढलेली आहे. तुमचा कागद 70 जीएसएमचा मॅपलिथो, म्हणजे साधा बिनचकाकीचा, असेल तर लिब्रे बास्करव्हिल घ्या. तो फुकट मिळतो, स्क्रीनवर वाचण्यासाठी बनवलेला असल्याने स्मॉल अक्षरं मोठी आणि रेघा तगड्या आहेत. मात्र तो जागा जास्त खातो, त्यामुळे पानं वाढतील.

मराठीशेजारी बसवताना आकड्यावर जाऊ नका, डोळ्याने मोजा. त्याच पॉइंटमध्ये इंग्रजी आपल्या अक्षरापेक्षा बहुधा थोराड दिसतं, कारण आपल्याला वर वेलांटी आणि खाली उकार मावायला जागा ठेवावी लागते. मराठी 14 असेल तर इंग्रजी 11 पासून सुरुवात करा. इंग्रजी कॅपिटल शिरोरेषेच्या वर डोकं काढत असेल तर आणखी उतरवा. मराठीसाठी टिरो देवनागरी मराठी हा फाँट बघा. त्यातही जाड-बारीक रेघेचा खेळ आहे, आणि ल, श आपल्या वळणाचे आहेत, हिंदी वळणाचे नाहीत. आणि कृपा करून मराठी तिरकी करू नका. बास्करव्हिलचा इटॅलिक हा वेगळा घडवलेला देखणा टाइप आहे. आपलं अक्षर नुसतं कलवलं की दांडे पडायला आलेले दिसतात.

नावांच्या यादीत एक मौज बघा. कॅपिटल क्यूची शेपटी बास्करव्हिलमध्ये लांब लहरत जाते, त्यामुळे एखाद्या कुरेशींचं नाव पानात उठून दिसतं. जाधवांचा जे ओळीखाली उतरतो, म्हणून ओळींत जरा मोकळी जागा सोडा.

मुखपृष्ठावर, प्रमाणपत्रावर, निमंत्रणपत्रिकेवर तो मोठ्या आकारात निर्धास्त वापरा. दुकानाच्या पाटीवर मात्र नको. आपल्याकडे पाटीचा 60 टक्के भाग कन्नडला जातो, उरलेल्यात मराठी आणि इंग्रजी. तेवढ्याशा जागेतली केसासारखी रेघ रस्त्यावरून दिसत नाही.

छपाईला देण्याआधी देणगीदारांच्या यादीचं एक पान बास्करव्हिल आणि टाइम्स अशा दोन्ही फाँटमध्ये, तुमच्याच कागदावर काढून घ्या आणि संध्याकाळी वाचनालयात पेपर वाचायला येणाऱ्या आजोबांपुढे ठेवा. ते कुठल्या नावाशी अडखळतात, ते बघा.