बँकेत टेलर (कॅशियर) आहे. संध्याकाळी कॅश जुळली नाही तर फरक कसा शोधावा?

नोटा पुन्हा मोजण्याआधी फरकाचा आकडा बघा. त्याला 9 ने भाग जात असेल, तर बहुधा नोंद चुकलेली असते: 5,400 चे 4,500 झाले, किंवा 5,000 ऐवजी 500 पडले. नेमके 300 कमी? 200 च्या जागी 500 ची नोट गेली असावी. भरणा चुकून पेमेंट म्हणून नोंदला तर फरक दुप्पट येतो, म्हणून निम्म्या रकमेचं व्हाउचरही शोधा. मग सुट्या गड्ड्या. कोऱ्या नोटा एकमेकींना चिकटतात, मशीनवर विसंबू नका, हाताने मोजा. तरीही तुटवडा राहिलाच तर तो बहुतेक ठिकाणी टेलरलाच भरावा लागतो. जास्त निघालेली रक्कमही दाखवा. ती ‘उद्या लागेल’ म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवणं तुटवड्यापेक्षा महागात पडतं.